खेळातून अर्थशिक्षण : पट तोच, नियम कोणाचा?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत संगणकावरील खेळांचा विषय निघावा, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटण्याचा संभव आहे. खेळ म्हणजे अभ्यासाचा वैरी आणि मोबाइलवरचा खेळ म्हणजे घरातील रोजच्या कुरबुरीचे मूळ, अशी बहुतेक घरांतील समजूत आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. तथापि गेल्या पंधरा-वीस वर्षांत देशोदेशीच्या शिक्षकांनी याच खेळांच्या आधारे विद्यार्थ्यांना घरखर्च, बचत, कर्ज व गुंतवणूक यांचे धडे देण्याचा प्रयत्न केला आहे. त्या प्रयत्नाचे मोल काय आणि त्यात धोका कोठे दडलेला आहे, याचा विचार व्यापारी समाजाने तरी अवश्य करावयास हवा.

व्यापारी घरातील मुलाला पैशाचे शिक्षण पूर्वी कोणत्याही शाळेने दिले नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-बारा वर्षांचा मुलगा दुकानाच्या गादीवर येऊन बसे. प्रथम ताके उलगडणे आणि पुन्हा घडी घालणे, मग मीटरपट्टीने माप घेणे, मग गल्ल्याशी बसणे आणि पुष्कळ दिवसांनंतर वहीला हात लावण्याची परवानगी, असा तो अभ्यासक्रम होता. संध्याकाळी रोजमेळात दोन रुपयांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत कोणी उठत नसे. कोणाला उधारी द्यावी, कोणाला हसतमुखाने नाही म्हणावे, हे तो मुलगा वडिलांच्या चेहऱ्यावरून शिके. चूक झाली तर ती खऱ्या पैशाची होई. अमुक रंग चालेल म्हणून वीस ताके भरावेत आणि दिवाळी सरली तरी ते फळीवर तसेच पडून राहावेत! भांडवल अडकणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी मग वेगळ्या पुस्तकाची गरज उरत नसे.

ती शाळा आता झपाट्याने बंद पडत आहे. मुलेमुली अभियंते होतात, संगणकशास्त्र शिकतात, पुण्या-बंगळुरूस नोकरीस जातात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु बाविसाव्या वर्षी पहिला पगार थेट खात्यात जमा होतो, पाठोपाठ क्रेडिट कार्ड येते आणि नोट हातातून सुटताना जी बारीकशी कळ पूर्वी जाणवे, ती यूपीआयच्या व्यवहारात जाणवत नाही. रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व निवृत्तिवेतन क्षेत्रांचे नियामक यांनी मिळून स्थापन केलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली. तिच्यात प्रौढांपैकी केवळ २७ टक्के लोक अर्थसाक्षर आढळले. पदवीधरांच्या घरांतही कर्जाच्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे न पाहता सही केली जाते, हे उपस्थितांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

दुकानाच्या गादीची जागा कोणी घ्यावयाची? व्याख्याने व पुस्तके आहेतच. पण पैशाचे शिक्षण हे पोहण्याच्या शिक्षणासारखे आहे, ते काठावर बसून होत नाही. येथे खेळाचे साहाय्य होऊ शकते. खेळात वीस वर्षे वीस मिनिटांत सरतात आणि बुडालेला मुलगा पुन्हा नव्याने आरंभ करू शकतो.

एक उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ पीटर टुफानो ज्या संस्थेच्या संस्थापकांपैकी होते, त्या अमेरिकेतील ‘डी टू डी फंड’ या संस्थेने अल्प उत्पन्न गटातील लोकांसाठी काही संगणकीय खेळ तयार केले. त्यांपैकी ‘फार्म ब्लिट्झ’ या खेळात खेळणाऱ्याकडे एक शेत असते. कर्ज हे सशांच्या रूपाने येते आणि बचत ही झाडांच्या रूपाने. ससे बघता बघता वाढतात, झाडे सावकाश वाढतात. मध्येच एखादे संकट येते आणि तेव्हा शिल्लक नसेल तर आणखी ससे शेतात शिरतात. चक्रवाढ व्याजाचे सूत्र फळ्यावर शंभर वेळा लिहूनही जे मुलांच्या मनात उतरत नाही, ते या सशांमुळे पाच मिनिटांत उतरते. आता हाच खेळ रुपयांत मांडून पाहावा. क्रेडिट कार्डावरील थकबाकीस दरमहा साडेतीन टक्के व्याज पडले आणि काहीच भरले नाही, तर १०,००० रुपयांचे देणे केवळ व्याजाने वर्षाअखेर सुमारे १५,११० रुपये होते आणि अवघ्या वीस महिन्यांत दुप्पट होते. दंड व कर यांचा हिशेब तर निराळाच. उलट सात टक्के वार्षिक व्याजाच्या ठेवीतील १०,००० रुपये दुप्पट होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात. ससा वीस महिन्यांचा आणि झाड दहा वर्षांचे, एवढे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, तो पुढे ‘किमान देय रक्कम’ या गोड शब्दांना सहसा फसणार नाही.

याच संस्थेने निवृत्तीच्या बचतीवर काढलेला ‘बाइट क्लब’ हा खेळ रक्तपिपासू पिशाच्चांच्या क्लबाविषयी आहे. मरणच नाही, तेव्हा म्हातारपणाची तरतूद अधिकच हवी, असा त्यातील विनोद. समाजातील आजीआजोबांना तो रुचेल असे नाही! त्या काळातील असे पुष्कळ खेळ ज्या फ्लॅश तंत्रावर चालत, त्याचा आधार ॲडोबी कंपनीने २०२० अखेर काढून घेतला आणि अनेक खेळ एका रात्रीत निकामी झाले. लाल कापडाच्या बांधणीतील जुन्या चोपड्या पन्नास वर्षांनीही उघडतात, हे यानिमित्ताने आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरे उदाहरण ‘स्पेंट’ या खेळाचे. उत्तर कॅरोलायनातील डरहॅम येथील अर्बन मिनिस्ट्रीज ही संस्था बेघरांसाठी काम करते. तिच्यासाठी एका जाहिरातसंस्थेने २०११ मध्ये हा खेळ तयार केला. खेळणाऱ्याचे घर व नोकरी गेलेली आहे आणि हाती शेवटचे १,००० डॉलर आहेत. त्यात महिना काढावयाचा. हॉटेलात वाढपी, गोदामात मजूर किंवा कार्यालयात हंगामी टंकलेखक, यांपैकी एक काम निवडावयाचे. घर कामाच्या ठिकाणाहून दूर घेतले तर भाडे कमी, पण प्रवासखर्च अधिक. विमा घ्यावा तर पगार कापला जातो आणि न घ्यावा तर आजारपणाची भीती. प्रत्येक दिवशी एक निर्णय समोर येतो आणि त्यात पूर्ण बरोबर असे उत्तर बहुधा नसतेच. सुखवस्तू घरातील मुलाने हा खेळ एकदा खेळावा आणि मग दुकानातील नोकराने महिन्याच्या वीस तारखेस उचल का मागितली, याचा विचार करावा.

‘नेक्स्ट जेन पर्सनल फायनान्स’ या अमेरिकन संस्थेचा ‘बिल्ड युवर स्टॅक्स’ हा खेळ शिक्षकांत लोकप्रिय आहे. त्यात वीस वर्षांची कमाई वीस मिनिटांत बचत खाते, रोखे, समभाग, निर्देशांक फंड, सोने अशा निरनिराळ्या ठिकाणी गुंतवावयाची असते आणि मध्येच अनपेक्षित खर्च येऊन आदळतात. एका मिनिटात एक वर्ष जात असल्यामुळे सतत खरेदी-विक्री करणाऱ्याची दमछाक होते.

येथवर सारे ठीक. परंतु खेळ जे तोंडाने सांगतो ते एक आणि ज्या गोष्टीस तो बक्षीस देतो ते दुसरे, असे अनेकदा घडते. मुले मात्र बक्षिसाचाच धडा घेतात. याचा सर्वांत बोलका दाखला संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. घरोघरी जो ‘व्यापार’ नावाचा पट खेळला जातो, त्याचे मूळ ‘मोनॉपॉली’ या पाश्चात्त्य खेळात आहे आणि ‘मोनॉपॉली’चे मूळ अमेरिकेतील लिझी मॅगी या विदुषीच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये. १९०४ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. जमिनीची मक्तेदारी समाजास कशी नाडते, हे लोकांना दाखवावे हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी नियमांचे दोन संच मांडले होते : एकात सर्वांना दिवाळखोर करणारा जिंकतो, तर दुसऱ्यात निर्माण झालेल्या संपत्तीचा लाभ सर्वांस मिळतो. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने ५०० डॉलर देऊन त्यांचे पेटंट विकत घेतले. जगभर गाजला तो पहिल्या प्रकारचा खेळ, दुसरा विस्मृतीत गेला. पट तोच, फासे तेच. नियम बदलला आणि शिकवण उलटी झाली.

आता शेअर बाजाराच्या स्पर्धांकडे या दृष्टीने पाहावे. अमेरिकेत ‘स्टॉक मार्केट गेम’ १९७७ पासून चालतो. विद्यार्थ्यांच्या गटास एक लाख काल्पनिक डॉलर देऊन शेअर घ्यावयास लावतात. जर्मनीतील बचत बँकांनी १९८३ पासून अशीच स्पर्धा चालविली. महाराष्ट्रातील वाणिज्य महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत ‘मॉक स्टॉक’ नावाने हाच प्रकार एका दिवसात उरकला जातो. वृत्तपत्राचे अर्थविषयक पान न उघडणारा विद्यार्थी या निमित्ताने ताळेबंद, लाभांश, भांडवल हे शब्द उच्चारू लागतो, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

पण विजेता कसा ठरतो ते बारकाईने पाहावे. समजा, चाळीस गट आहेत, प्रत्येकास दहा लाख काल्पनिक रुपये आणि मुदत दहा आठवड्यांची. एका शहाण्या गटाने सारी रक्कम सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवली, तर दहा आठवड्यांत त्यास सुमारे १३,४६० रुपये व्याज मिळेल. तो गट हरणार हे पहिल्याच दिवशी निश्चित आहे. दुसऱ्या गटाने दहा चांगल्या कंपन्यांत रक्कम विभागली. तोही मधल्या क्रमांकावर राहणार. आठ-दहा गट मात्र सारी रक्कम एकाच चंचल शेअरमध्ये लावतील. त्यांपैकी काहींची रक्कम निम्मी होईल आणि एखाद्याची दीडपट. करंडक त्या एकाला मिळेल, टाळ्या त्यालाच मिळतील, छायाचित्रही त्याचेच छापले जाईल. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, की या स्पर्धेत मधला क्रमांक आणि अखेरचा क्रमांक यांत काहीच अंतर नसते. दोघांनाही बक्षीस नाही. तेव्हा सर्वस्व पणास लावणे हीच तेथे शहाणपणाची चाल ठरते. प्रत्यक्ष संसारात मात्र मधला क्रमांक म्हणजे घरात अन्नवस्त्र, आणि अखेरचा क्रमांक म्हणजे पत्नीचे दागिने सराफाकडे. पोराने नियमाप्रमाणे अचूक खेळ केला. नियमच चुकीचा होता.

हा दोष केवळ वर्गात राहता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण एकीकडे अर्थशिक्षण खेळाचे रूप घेत असताना दुसरीकडे प्रत्यक्ष सट्ट्यानेही खेळाचे रूप घेतले आहे. अमेरिकेतील ‘रॉबिनहूड’ या दलाली ॲपवर काही व्यवहारांनंतर पडद्यावर रंगीबेरंगी कागदांचे तुकडे उधळले जात, जणू वाढदिवसच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नियामकांनी त्या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली आणि मार्च २०२१ मध्ये ती उधळण कंपनीने काढून टाकली. भारतातील चित्र याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्यांत तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पिढ्यान्‌पिढ्या वहीत पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरांतील मुलेही या आकड्यांत असणारच. घरातील वडीलधाऱ्यांस ते बहुधा शेवटी कळते, जेव्हा मित्रांकडून घेतलेल्या उसन्या रकमेचा तगादा दारात येतो.

शासन व नियामक यांनाही हा धोका उमगला आहे. मे २०२४ मध्ये सेबीने बाजारातील चालू भाव काल्पनिक व्यापाराच्या खेळांना पुरविण्यास प्रतिबंध केला. गुंतवणूकशिक्षणासाठी भाव द्यावयाचे तर ते एक दिवस शिळे असावेत, असे तेव्हा ठरले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये, शिक्षणाच्या आवरणाखाली सल्ल्याचा धंदा चालू नये म्हणून, केवळ शिक्षण देणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचे अंतर सांगण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्याने शैक्षणिक व सामाजिक खेळांना प्रोत्साहनाच्या कक्षेत ठेवले आणि पैसे लावून खेळण्याचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. काही जणांनी शिळ्या भावांबद्दल कुरकुर केली. वस्तुतः विद्यार्थ्याला तीन महिने जुना भाव मिळाला तर बिघडते काय? ताळेबंद वाचावयास शिकणाऱ्याला जुना भाव पुरतो. ताजा भाव लागतो तो पैज लावणाऱ्याला.

साधे, निरुपद्रवी भासणारे खेळही याच कसोटीवर घासून पाहावेत. लहान मुलांच्या पुष्कळ खेळांत रुपये दिसतच नाहीत. नाणी, हिरे, रत्ने दिसतात. रुपयांचे हिरे घ्यावयाचे आणि हिऱ्यांनी काल्पनिक तलवार घ्यावयाची. मध्ये हिरा घातल्यामुळे किंमत डोळ्यांआड होते. मुलाजवळ बसून ‘ही तलवार रुपयांत कितीला पडली?’ एवढा एक प्रश्न विचारला आणि कागदावर भागाकार करून घेतला, तर त्या खेळातूनही उत्तम अर्थशिक्षण होते, खेळ तयार करणाऱ्याची तशी इच्छा नसली तरी.

खेळातून मूल्ये शिकविण्याची कल्पना या समाजास परकी नाही. मराठी संतपरंपरेत मोक्षपट आहे, तशी जैन परंपरेत ज्ञानबाजी. तिच्या अनेक पटांवर ८४ घरे असत. सत्कर्माची शिडी वर नेई, दुष्कर्माचा साप खाली ओढी आणि पटाच्या शिखरावर सिद्धशिला असे. हा खेळ पुढे इंग्लंडात गेला आणि सापशिडी होऊन परत आला; त्या प्रवासात घरांवरील कर्मांची नावे गळून पडली आणि केवळ शंभरावर पोहोचण्याची घाई उरली. अर्थात जुन्या पटातही एक उणीव होतीच : कवड्या पडतील तसे जावयाचे, खेळणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नाही. आजच्या खेळात निर्णय आहे, पण मर्यादा नाही. अधिक साठवील तो जिंकतो आणि ‘अधिक’ला अंत नाही. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात आपल्याला किती पुरे हे आधी ठरवावयाचे असते. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले उद्दिष्ट, म्हणजे शिक्षणाचा खर्च, आजारपणाची तरतूद, दान, म्हातारपण हे सारे कागदावर लिहून पाकिटात बंद करावे आणि त्या आकड्याच्या जवळात जवळ, कमीत कमी जोखीम पत्करून पोहोचणारा विजयी ठरावा, असा खेळ विद्यार्थ्यांकडून रचून घेता येईल. संगणक शिकलेली मुलेमुली समाजात कमी नाहीत.

तोवर उपलब्ध खेळच वापरावयाचे, तर नियम तेवढे बदलून घ्यावेत. स्पर्धा दहा आठवड्यांऐवजी पूर्ण शैक्षणिक वर्षाची असावी. क्रमवारी अखेरपर्यंत झाकून ठेवावी. प्रत्येक खरेदी-विक्रीस दलाली कापावी. ज्याची रक्कम कधीही वीस टक्क्यांहून खाली घसरली नाही, त्यास वेगळे पारितोषिक असावे आणि ज्या गटाने ‘हा शेअर का घेतला’ हे चार ओळींत लिहिले नसेल, त्याचा नफा धरूच नये. खेळ संपल्यावर अर्धा तास चर्चा झाली नाही तर तो केवळ करमणूक ठरतो, हा अनुभव कोणताही शिक्षक सांगेल.

यानंतरची पायरी खऱ्या पैशाची आहे. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते उघडून चालविण्याची मोकळीक बँकांना देता येईल असे परिपत्रक काढले. रकमेची मर्यादा प्रत्येक बँकेने आपल्या धोरणाप्रमाणे ठरवावयाची आहे. खेळात वीस वर्षे काढलेल्या मुलामुलीच्या नावे असे खाते उघडावे, खाऊचे पैसे महिन्यातून एकदाच त्यात जमा करावेत, मध्येच संपले तर पुन्हा देऊ नयेत आणि सोबत एक साधी शंभर पानी वही द्यावी. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. महिनाअखेर आजोबांनी ती तपासावी. ज्येष्ठांना नव्या युगात काम उरले नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. तपासताना एकूण बेरजेकडे नंतर वळावे. आधी ‘किरकोळ’ या सदरात किती रक्कम टाकली आहे ते पाहावे; जुने मुनीमही वही उघडली की प्रथम तेथेच बोट ठेवीत.